फुंकणी बुजली नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी फुंकणी आहे. कामठ्याच्या लोहाराने मोडक्या सायकलचा दांडा कापून मला घडवले आणि मी नव्या नवरीच्या, रुख्माच्या हाती आले. चूल पेटवणे माझे काम, पण त्याला लागणारा श्वास माझा नव्हे, रुख्माचा. एका फुंकरीत ओली लाकडेसुद्धा पेट घेत. सासू कौतुकाने म्हणे, "हिच्या फुंकरीनं तं तळ्याबोडीतल्या पान्यालेही आग लागन."

त्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. धूर छपराला अडे आणि पुन्हा खाली उतरे. प्रत्येक फुंकरीआधी रुख्मा तोच धूर छातीत भरून घेई. मला हे कळत होते, पण फुंकणीला तोंडे दोन आणि बोलायला एकही नाही. पुढे घरात गॅस आला, तो पाहुण्यांच्या चहापुरता. भात आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच राहिले.

गेल्या हिवाळ्यात रुख्माने तीनदा फुंकले, तरी निखारा फुलेना.

"अवो, फुंकनी बुजली. वारा जाऊनच नाही राहिला," ती नवऱ्याला म्हणाली.

दुधरामने माझ्यातून तार फिरवली, उन्हात धरून आरपार पाहिले. "साफ तं आहे," म्हणाला आणि बाजारातून नवी आणली. तीही बुजलेली निघाली. मग मात्र तो रुख्माकडे बघत राहिला.

गोंदियाच्या डॉक्टरांनी रुख्माला विचारले, बिडी किती वर्षांपासून ओढता? तिने बिडीला कधी हातही लावला नव्हता. घरी येऊन हे सांगताना तिला हसू आले, हसता हसता खोकला आला, आणि तो थांबेना. धुराने फुप्फुसे गेली होती. ती पुन्हा सुधारायची नव्हती. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे फुंकूनच छाती पोळली, तरी कुणी शहाणे झाले नाही.

आज सकाळी सून रेणू चुलीपुढे बसली आणि तिने मला उचलले. पहिल्याच फुंकरीत जाळ उठला. "पोरीत दम आहे," दुधराम खुशीत म्हणाला.

दारापलीकडच्या खाटेवरून रुख्मा म्हणाली, "तिले नका फुंकू देऊ."

ते कुणालाच ऐकू गेले नाही. मी ऐकले, कारण मला तिचा श्वास ओळखीचा आहे.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात टाका. पण भिंतीला एक खिडकी पाडा, गॅस पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. आणि जरा लवकर करा. रेणू पुन्हा छाती भरून श्वास घेते आहे.