सगळंच नाइस

खोडरबराचा भुरका कीस कागदभर पडला होता... तिनं फुंकर मारली, तरी दोन कण 'नाइस' या शब्दाला चिकटूनच राहिले — चिवट मेले. ती काम करत होती त्या इंग्रजी-मराठी कोशातल्या या एका शब्दानं तिला सकाळपासून वेठीला धरलं होतं. छान, सुखद, सभ्य... अर्थ पटापट सुचले. अडलं ते उदाहरणांपाशी. कोशाच्या कचेरीचा दंडकच होता, की उदाहरणाचं वाक्य मनानं रचायचं नाही, स्वतःच्या कानांनी ऐकलेलं हवं. आणि तिच्या कानांत होता एकच माणूस.

"अहो बाई, सगळ्या वाक्यांत एकच माणूस बोलतोय की!" मुख्य संपादक कागद परत ठेवत म्हणाले होते. "आणि कंटाळलाय बिचारा."

कंटाळलाय? — तो माणूस म्हणजे तिचा नवरा. हाडाचा शिंपी, रस्त्यानं जाणाऱ्या परक्याच्या कोटाची पाठ बघूनही नाक मुरडणारा; त्याच्या टोमण्यांनी लग्नानंतर ती किती रडली होती... आणि आता, छातीच्या ऑपरेशननंतर, दवाखान्यातल्या नर्सकडून उचललेला हा एवढा एक शब्द. चहा नाइस. उशी नाइस. परवा तिनं मुद्दाम वाकड्या कॉलरचा तयार शर्ट आणला, तर तोही नाइस! ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. माणूस वाचला म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण घरी आलेला हा गोडबोल्या पाहुणा कोण, हे तिनं कुणाला विचारावं? असल्या सभ्य माणसाशी संसार करायची तिला सवयच नव्हती.

फोन वाजला. घरून. तिनं झडप घालूनच उचलला — आजारपणापासून तो आपणहून कधी फोन करत नसे.

"काय झालं? दुखतंय का?"

"दुखायचंय काय! सकाळी तुझ्या डाव्या बाहीची शिवण उसवली होती. तशीच गेलीस?"

तिनं हात वळवून पाहिलं. काखेखाली बोटभर उसवलं होतं.

"कुणाला दिसतंय हो तिथं?"

"मला दिसलं ना! मघापासून डोक्यात बसलंय. शिंप्याची बायको म्हणवतेस आणि... आल्या आल्या काढून दे. स्वतः टाके घालायला जाऊ नकोस, वाट लावशील."

फोन ठेवलासुद्धा.

उद्या तो पुन्हा गोड होईल, कोण जाणे... सुई ओवता ओवता थकेल, चिडेल, शिवण अर्धीच टाकेल... पण आत्ता तिला राग आला होता, चांगला सणसणीत, जुना, घरचा राग. आणि त्या रागानं ती इतकी सुखावली, की संध्याकाळी त्याला काय काय सुनवायचं, याची ती मनातल्या मनात जुळवाजुळव करू लागली.