सम्राटचे अकरा होकार

माझ्या वहीत प्रत्येक स्थळाला एक पान. सम्राटला दुसरं पान लावावं लागलं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मलकापूरचं घर, गोठ्यात चौदा म्हशी, दुधाचं संकलन, पोरगं शिकलेलं, निर्व्यसनी, उंच. वर दातावर दात, म्हणजे नशीबवान. असलं स्थळ पहिल्या चहालाच जमतं. याचं अकरा ठिकाणी फिसकटलं, आणि अकराही वेळा नकार मुलीचा. सम्राटचा दर खेपेला होकार.

"पोरगं गुणी हाय आक्का, कुणालाबी नावं ठेवत न्हाय," त्याचे वडील हंबीरराव परतताना गाडीत म्हणायचे. "पोरीच माजल्यात."

मी मान डोलवायचे. बावीस वर्षं लग्नं जुळवतेय, मान आपोआप डोलते.

बारावी मुलगी उचगावची, तेजस्वी. वडील कृष्णात, सिमेंट-सळीचे व्यापारी, आवाज दुकानातलाच घरी वापरणारे. डिसेंबरातला रविवार, दुपारची वेळ. पोहे झाले, चहा झाला, "दोघांना जरा बोलू द्या" झालं. दोघं गच्चीवर गेली. मी जिन्यात, वरून तिसऱ्या पायरीवर बसले. तिथून सगळं ऐकू येतं आणि आपण दिसत नाही.

सम्राटनं पाठ केल्यासारखी सुरुवात केली. "हे बघा, मी लई तापट हाय. पितोबी. तुमचं वाटोळं हुईल. तुम्ही खाली जाऊन न्हाय म्हणून टाका. मी सांगितलं म्हणू नका तेवढं."

अकरा पोरी माझ्या डोळ्यांपुढून एकामागून एक खाली उतरून गेल्या. प्रत्येकीची मान खाली, प्रत्येकीचं उत्तर एकच. मला वाटायचं, पत्रिका आडवी येतेय.

तेजस्वी म्हणाली, "जरा हसा बघू."

"काय?"

"हसा की. दात दाखवा." मग तीच हसली. "डाव्या भुवईत खाच, डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला. आवो, तुम्ही तर शार्दूल! तीन वर्षं बघतीया मी तुमाला फोनवर."

"तो फोन बंद करा," सम्राट म्हणाला.

हा शार्दूल मी नंतर तेजस्वीच्या फोनवर पाहिला. जपानी धाटणीची चित्रगोष्ट, तिला मांगा म्हणतात. यात नायक दोन आणि नायिका नाही. बीएल म्हणतात म्हणे असल्या गोष्टींना, आणि पोरी त्यावर जीव टाकतात. शार्दूल हा रक्त पिणारा, दोनशे वर्षांचा व्हॅम्पायर, दिसायला मात्र पंचविशीचा. त्याचं प्रेम बसलंय गावातल्या एका डॉक्टरवर. नियम असा की घरच्या माणसानं 'ये' म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही, आणि डॉक्टर काही 'ये' म्हणत नाही. एक्केचाळीस भाग तो बाबा दारात उभा. गोष्ट घडते कोल्हापुरात, पण ती कोल्हापूरची नाही, ती इथंच. आमच्याकडं त्याला पहिल्याच भागात "या की पावणं, च्या घ्या" म्हणून दंडाला धरून आत ओढला असता.

"काढतं कोण?" तेजस्वीनं विचारलं.



"राजस. राजारामपुरीत ऱ्हातो. आमच्या शाळेतल्या मास्तरांचा पोरगा."

"मग तो डॉक्टर व्हय?"

"न्हाय. डॉक्टर मी. त्यानं तोंड माझं लावलंय शार्दूलला, पण दारात उभा हाय तो राजस. तीन वर्षं म्हणतोय, घरात सांग. मी दर पोरीला न्हाय म्हणाया सांगतो, पण घरात सांगत न्हाय."

"आणि त्या पोरी घरात काय भोगतात?"

"न्हाय म्हटलं की सुटतात की."

"मोना आठवती? तुमची सातवी. माझी मावसबहीण. तुमी सांगितलं म्हणून न्हाय म्हणाली. दोन महिनं घरात तिच्याशी कोण बोललं न्हाय. सोन्यासारखं स्थळ लाथाडलं म्हणून येईल त्या पहिल्याच्या गळ्यात बांधली तिला."

तो पहिला मीच नेला होता. पायरीवर मी जरा सरकून बसले.

"म्हणून मी न्हाय म्हणणार न्हाय," तेजस्वी म्हणाली. "हो बी म्हणणार न्हाय. तुमचं तुमी म्हणा."

"आबा जित्ता सोडायचं न्हाईत मला."

"मोनाला काय ओवाळलं व्हय?"

दोघं खाली आली. मी आधीच उतरून खुर्चीत बसले होते, दमल्यासारखी.

"काय आक्का, जमलं न्हवं?" हंबीररावांनी मांडीवर थाप मारली.

"आपल्या पोरीला इचारतो," कृष्णात म्हणाले. तेजस्वीनं माझ्याकडं बघतच उत्तर दिलं, "पावण्यांना इचारा. ते म्हणतील ते."

"त्याला काय इचारायचं!" हंबीरराव हसले. "अकरा येळा हो म्हटलंय त्यानं. आक्कांच्या वहीत लिवलंय. व्हय का न्हाय आक्का?"

लिहिलेलं होतं. माझ्याच अक्षरात.

ताटात सुपारी आली. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग मोडायची तर दोन गावं मध्ये पडतात. कृष्णातांनी बत्ता हातात घेतला. दारापुढं चुलत्यामामांच्या खुर्च्या अशा लागल्या होत्या की मांजरालाही वाट काढता आली नसती. सम्राट त्या सगळ्यांच्या मध्ये, भिंतीला टेकून.

"नको," तो म्हणाला.

"लाजतंय," कोणीतरी म्हणालं. हशा झाला.

त्यानं पुढं वाकून सुपारीच उचलली आणि मुठीत धरली. आणखी मोठा हशा. हंबीरराव हसत हसत ती मूठ सोडवायला गेले, एक बोट उघडलं की दुसरं मिटायचं. तिसऱ्या बोटाला त्यांचं हसू गेलं.

"आबा, मला करायचं न्हाय हे लगीन. पोरीत खोट न्हाय. माझं ठरलंय."

"कुणाशी?"

"राजसशी."

"त्यो चित्रं काढणारा? त्यानं कुठली पोरगी दाखवलीया तुला?"

खोलीत उत्सुकता पसरली. कुठली पोरगी, कुणाची, शेती किती. एका मामीनं तर "आपल्यातलीच हाय न्हवं?" असंही विचारून घेतलं. सम्राटचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यातलं सगळ्यात अवघड वाक्य बोलून झालं होतं, आणि ते कोणाच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

"पोरगी न्हाय आबा," तो म्हणाला. "राजसच."

कृष्णातांनी बत्ता खाली ठेवला. हंबीररावांनी आवाज चढवला नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. "गाडीत बस," एवढंच म्हणाले.

गाडीत पुढं हंबीरराव आणि त्यांचे धाकटे भाऊ, मागं चुलतमामा, मध्ये सम्राट, त्याच्या पलीकडं मी. दारांची कुलपं एकदम खट्ट झाली.

"मला राजारामपुरीत उतरवा," सम्राट म्हणाला.

राजारामपुरीचा फाटा गेला. शिवाजी पुलावर त्यानं पुन्हा तेच म्हटलं. केर्लीला पुन्हा. आवाज चढत नव्हता की पडत नव्हता. हंबीरराव मान न वळवता गाडी चालवत होते. मलकापूरला पोचल्यावर याचा फोन काढून घेणार, कोल्हापूरला येणं बंद होणार, आणि महिन्याभरात माझ्याकडंच लांबच्या एखाद्या मुलीची चौकशी येणार, जिला उचगावचं काही कळलेलं नाही. मी ती शोधूनही दिली असती. सवय असते.

बांबवड्याच्या अलीकडं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली आणि गाडी थांबली.

"हंबीरराव, माझ्याच्यानं बसवंना. उलटी होतीया," मी तोंडाला पदर लावून म्हटलं. "कुलूप काढा."

कुलूप निघालं. मी उतरले, दार उघडंच ठेवून दोन पावलं बाजूला झाले आणि ओकल्यासारखी वाकून राहिले. उलटी काही येत नव्हती. पाठीमागं चुलतमामा कोणाचा तरी शर्ट धरून म्हणाले, "ए, ए!" मग शिवण उसवल्याचा आवाज झाला.

मी वळून पाहिलं तर सम्राट माझ्या शेजारून कोल्हापूरच्या दिशेनं, ट्रॉल्यांच्या कडेकडेनं निघाला होता. पळत नव्हता. हंबीरराव दार उघडून रस्त्यावर उभे राहिले. हाक मारायला त्यांनी छाती भरून घेतली, आणि शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं ओळखून "राम राम आबा!" घातला. त्यांना राम राम म्हणावं लागलं.

समोरच्या ट्रॉल्या हलल्या. मागून हॉर्न सुरू झाले.

"बसा आक्का," हंबीरराव म्हणाले. मला मधल्या, सम्राटच्या जागेवर सरकावं लागलं, कारण दाराशी आता ते स्वतः बसणार होते. गाडी भावानं घेतली. मलकापूर अजून बरंच लांब होतं.