माझ्या वाट्याचा उजेड

मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलात की तुमच्या कपाळाच्या वर एक काळी डबी येते ना, ती मी. मी कॅमेरा बोलतोय. वाढदिवसाचे फोटो काढणारा नव्हे. माझ्यासमोर कधी कोणी हसलं नाही, कोणी केस सारखे केले नाहीत. माझ्यापुढे येतात ते माणसाच्या शरीरातले कागदाहूनही पातळ काप, जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवून काचपट्टीवर बसवलेले. तुम्ही त्याला स्लाइड म्हणता. मी त्याला माणूसच म्हणतो.

माझा जन्म झाला त्या खोलीत धुळीच्या कणालासुद्धा शिरायची बंदी होती. तिथे मला एकच धडा मिळाला: पडेल तेवढाच उजेड मोज, पदरचं काही घालू नकोस. तो धडा मी आजवर मोडलेला नाही. माणसांना मात्र पदरचं घातल्याशिवाय चैन पडत नाही, हे मला पुढे कळलं.

एका लहानशा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मी आलो. लांबट खोली, भिंतीलगत ओटा, सिंकवर जांभळे डाग, आणि बाहेरच्या बाकावर उघडणारी एक खिडकी. बाकावर बसलेल्यांचं सगळं बोलणं आत ऐकू येतं. खोलीचे धनी म्हणजे मोठे डॉक्टर. त्यांना मी पहिल्यापासून आवडलो नाही. "देवाने दोन डोळे दिलेत, आता तिसरा कशाला?" असं म्हणून ते माझ्यावर रुमाल टाकून ठेवत. पण अवघड स्लाइड आली की तिचे फोटो दुसऱ्या शहरातल्या तज्ज्ञांना पाठवायचे, असं वरून ठरलं आणि माझा रुमाल निघाला.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग मोठ्या डॉक्टरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. परत आले तेव्हा दिव्याचा प्रकाश त्यांच्या डोळ्यांत सुईसारखा टोचायचा. दिवा मंद करावा तर उजेड पिवळा पडतो आणि रंग फसवतात. म्हणून त्यांनी एका दुपारी दिव्याच्या तोंडावर एक करडी काच बसवली. तिची काळी कडा मायक्रोस्कोपच्या काळ्या अंगात अशी मिसळून गेली की जणू जन्मापासून तिथेच होती. डॉक्टरांना बरं वाटलं. चार-आठ दिवसांत ते तिला विसरूनही गेले.

माणसाचा डोळा समजूतदार असतो. थोड्या उजेडात तो जुळवून घेतो, उरलेलं मनाने भरून काढतो. मला ते जमत नाही. माझ्या वाट्याचा उजेड एकदम घटला आणि पडद्यावर संध्याकाळ झाली.

"कॅमेरा म्हातारा झाला," टेक्निशियन दादांनी निदान केलं. "मरतुकडा नुसता. नवा मागा, म्हणजे पुढच्या जन्मी तरी येईल."

नवा आला नाही. दादांनी मग काँप्युटरवर माझा उजेड वाढवला. रवा सांडावा तसे कण चित्रभर उठले. चित्र फिकं पडलं, म्हणून गडदपणा वाढवला. आता ते ठसठशीत दिसू लागलं. "बघा, कसं चकचकीत झालं!" दादा खूश झाले आणि तीच मापं त्यांनी कायमची करून टाकली. मी ओरडत होतो, अरे, हे मी पाहिलेलं नाही! पण कॅमेऱ्याचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

अशातच नव्या मॅडम आल्या. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणाऱ्या, कोणी "इथे असंच चालतं" म्हटलं की नाक फुगवणाऱ्या. मला त्या आवडल्या. पण मापं त्यांनीही होती तशीच वापरली. आधीच्या माणसाने केलंय म्हणजे विचार करूनच केलं असेल, असं शिकलेल्या माणसांनाही वाटतं.

मग मास्तर आले. वर्गात पोरांवर ओरडून घसा बसलेला, घशातून काढलेला एवढासा तुकडा आमच्याकडे तपासायला आलेला. सोबत थोरली बहीण. सगळं बोलणं तीच करायची.

"आयुष्यभर यानंच बडबड केली," ताई बाकावर शेजारणीला सांगत होती. "मला एक शब्द बोलू दिला नाही. आता बघा, माझी पाळी!"

मास्तर नुसते हसले. हसण्यालाही आवाज नव्हता.

मॅडमनी स्लाइड पाहिली, गोंधळल्या, फोटो पाठवले. तज्ज्ञांचं उत्तर आलं: 'फोटो बरे नाहीत, खात्रीने सांगता येत नाही. पण पेशींची केंद्रकं फारच काळी दिसतात, कर्करोगासारखी.' या उत्तरात दोन वाक्यं होती. सगळ्यांनी दुसरंच वाचलं. सर्जननी स्वरयंत्र काढायचं ठरवलं आणि सोमवारचा दिवस दिला.

खिडकीतून ताईचा आवाज आला, आज पहिल्यांदाच बारीक. "म्हणजे हा पुन्हा कधीच बोलणार नाही?"

मॅडम आत येऊन माझ्यासमोर बसल्या. खालच्या दोन नळ्यांतून पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. पुन्हा नळ्यांतून, पुन्हा पडद्याकडे. "इथे एवढी काळी नाहीत," त्या पुटपुटल्या. "दादा, ही मापं कोणाची?"

"माझीच. बिघडलंय का काही?"

उत्तर न देता त्यांनी सगळी मापं पुसून टाकली. पडदा जवळजवळ काळा झाला.

"घ्या! गेला बिचारा," दादा म्हणाले.

"गेला नाही. हा उपाशी आहे."

एवढ्या वर्षांत माझ्याबद्दल कोणी पहिल्यांदाच खरं बोललं होतं.

त्यांनी बाजूचा दांडा ओढून सगळा प्रकाश माझ्याकडे वळवला. अंधारच. भिंगं पुसली. अंधारच. दिव्याचा बल्ब बदलला, बोट भाजून घेतलं, तरी तेच. मग एक पांढरा कागद घेऊन त्या खालून वर निघाल्या. उजेड कुठे हरवतो ते एकेक टप्प्यावर बघायचं. पहिल्याच टप्प्याला, दिव्याच्या तोंडावर, कागद राखाडी दिसला. मॅडमनी नख लावलं, कडा फिरवली, आणि काच हातात आली.

"ती माझी आहे." दारात मोठे डॉक्टर उभे होते. "ठेव जागेवर. डोळ्यांना त्रास होतो."

"सर, ही कधीपासून आहे इथे?"

"ऑपरेशन झालं तेव्हापासून."

"तुमचं ऑपरेशन मी इथे यायच्या कितीतरी आधीचं आहे."

डॉक्टरांनी काचेकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काय उतरत गेलं ते मला दिसलं. माझं कामच ते आहे.

काच काढून मॅडमनी मास्तरांची स्लाइड पुन्हा ठेवली. पोटभर उजेड आला. मी जेवढं होतं तेवढंच दाखवलं: काळे ठिपके उलगडले, केंद्रकांच्या आतली बारीक, सारखी रांगोळी दिसू लागली. फोटो गेले. तज्ज्ञांचा फोन आला, चढ्या आवाजात. "हाच पेशंट? मग आधी काय पाठवलं होतंत? अहो, ही ताण पडून आलेली सूज आहे. ऑपरेशन थांबवा. आणि स्लाइड पाठवा, मी स्वतः बघेन."

मॅडम धावतच बाहेर गेल्या. ताईने त्यांचे दोन्ही हात धरले आणि रडता रडता भावालाच रागावली, "मेल्या, आता तरी हळू बोलत जा!" मॅडमनी करड्या काचेचं सगळं खरं सांगून टाकलं. लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मास्तर ऐकत राहिले. मग फाटक्या, घोगऱ्या आवाजात, सर्जननी बोलायला मना केलेलं असताना, एवढंच बोलले:

"माझ्या आधी ज्यांचे फोटो गेले, त्यांचं काय झालं?"

मॅडमनी खिडकीकडे पाहिलं. आत मोठे डॉक्टर उभे होते, शेजारी दादा.

"जुनं उकरून काय मिळणार?" दादा दबक्या आवाजात म्हणाले. "नसते उपद्व्याप. अंगाशी येतील."

"येऊ देत," मोठे डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून जुन्या स्लाइडची खोकी माझ्याशेजारी रचलेली आहेत. डॉक्टर उजेड टोचत असताना डोळे पुशीत बसतात, मॅडम शेजारी. बऱ्याच स्लाइडचं जुनं निदान बरोबरच निघतं. दोघं श्वास सोडतात, पुढची लावतात. मला भीती वाटते ती पुढचीचीच.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. पडद्यावर अंधार दिसला की मला रंगवून उजळ करू नका. खाली वाका, दिव्यापासून सुरुवात करा, मध्ये कोण उभं आहे ते बघा. तो कितीही मोठा माणूस असो, त्याला विचारायला लाजू नका. मी खोटं बोलत नाही, पण माझ्याकडून खोटं वदवून घेणं फार सोपं आहे.

आज सकाळी एका स्लाइडवर दोघंही थांबले. मॅडमनी फोटो पुन्हा घेतला, मग आणखी एकदा. जुन्या निदानाशी तो जुळेना.

"पेशंटच्या घरी मी करते फोन," मॅडम म्हणाल्या.

"नको. काच मी बसवली होती." डॉक्टरांनी रिसीव्हर उचलला. पलीकडे कोणीतरी 'हॅलो' म्हणालं. डॉक्टरांनी स्लाइडवरचा नंबर पुन्हा एकदा वाचला. पलीकडून पुन्हा 'हॅलो' आलं, आणि त्यांनी आधी स्वतःचं नाव सांगितलं.