टॉवेलांचा घाणा

माझी थोरली बहीण व्हर्डेल म्हणत होती की ड्रायर कपडे ओलेच ठेवतो. तिची मुलगी मारिट म्हणत होती की ड्रायर ठणठणीत आहे, आईचंच लक्ष ठिकाणावर नसतं.

मारिटने दोनदा फार्गो शहरातून येऊन आईचे कपडे वाळवून पाहिले होते. दोन्ही वेळा ते कोरडे आणि गरमागरम बाहेर आले. तेव्हा आई चुकीचं बटण दाबत असणार, किंवा यंत्र मध्येच थांबवून विसरत असणार, असं ती धरून चालली. त्यात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आठवड्यात व्हर्डेल अंडी उकडायला ठेवून शेजारी गेली आणि पातेलं जळून काळं झालं. पुढच्या खेपेला मारिटला तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीभोवती दोरी बांधून टॉवेल वाळत घातलेले दिसले. मग तिने फार्गोतल्या एका वृद्धाश्रमात खोली पाहून ठेवली. सोमवारी तिथे हो किंवा नाही कळवायचं होतं.

शुक्रवारी तिचा मला फोन आला. मी बीटसाखरेच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरी केली. त्यामुळे घरात मोजमापाचं काही निघालं की माझ्याकडे येतं. मारिट म्हणाली, "आर्डिस मावशी, तू एकदा जाऊन नीट बघ. ड्रायरही बघ आणि आईलाही बघ. तू सांगशील तसं मी करीन."

मला हे ओझं नको होतं, पण नाही म्हणायला कारणही नव्हतं.

शनिवारी सकाळी गेले तेव्हा व्हर्डेल दारातच उभी होती. मी म्हटलं, सहज कॉफीला आले. तिने माझ्या हातातल्या हत्यारांच्या पेटीकडे पाहिलं. "कॉफीला लोक केक आणतात," ती म्हणाली. "मारिटने पाठवलं ना?"

मी हो म्हटलं. तिच्याशी खोटं बोलून कधीच काही साधलेलं नाही.

आधी बाहेर जाऊन पाहिलं. ड्रायरची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळाच्या तोंडाची झडप बर्फाने कधीकधी चिकटते; ती मोकळी होती. आतली जाळी स्वच्छ होती, तिच्यावर लव साचलेली नव्हती. व्हर्डेलने धुतलेले शर्ट आत घातले आणि बटण फिरवलं, तेही अगदी बरोबर. मी ड्रायरचा खालचा पत्रा काढला आणि तळघराच्या फरशीवर आडवी झाले.

हा ड्रायर गॅसवर चालतो; तिथून त्याचा बर्नर दिसतो. गॅस पेटवणारी कांडी आधी नारिंगी झाली, मग पांढरट. टक असा आवाज झाला, गॅस सुटला आणि निळी ज्योत सरळ नळकांड्यात शिरली. दोष काढायला जागा नव्हती. पुरेशी उष्णता झाल्यावर ज्योत विझली, थोड्या वेळाने पुन्हा पेटली. शर्ट वाळले.

मी उठून हात धुतले. मारिटला काय सांगायचं त्याची वाक्यं मनात जुळवू लागले, आणि ती जुळत होती याचंच मला वाईट वाटत होतं.

वर स्वयंपाकघरात व्हर्डेलने कॉफी ओतली. कप माझ्याकडे सरकवून ती म्हणाली, "पास झाला ना?"

"झाला."

"पहिल्या घाण्याला तो नेहमीच पास होतो. मारिट शर्ट वाळवते आणि घरी जाते. तूही शर्ट वाळवलेस आणि वर आलीस. माझे टॉवेल दुसऱ्या घाण्यात असतात, आर्डिस. तो बघायला कोणी थांबतच नाही."

मी कप खाली ठेवला. कारखान्यात रसाचा नमुना कोणत्या तापमानाला घेतला हे लिहिलं नसेल, तर मी ते मोजमाप सरळ फेकून देत असे. इथे मी गार पडलेलं यंत्र तपासून निकाल द्यायला निघाले होते.

आम्ही पुन्हा खाली गेलो. धुतलेले टॉवेल तयारच होते. ड्रायरचा पत्रा अजून ऊबदार होता. तिने टॉवेल आत भरले, मी एक घडी करून गालाखाली घेतला आणि आडवी झाले. आतलं पिंप फिरू लागलं. कांडी नारिंगी झाली, पांढरट झाली, टक आवाज झाला. कांडी विझली आणि ज्योत आलीच नाही. थोड्या वेळाने कांडी पुन्हा तापली, पुन्हा टक, पुन्हा अंधार. वर टॉवेल गार हवेत गोल गोल फिरत होते.

मी व्हर्डेलला म्हटलं, खाली वाकून बघ. गुडघ्यांवर कुरकुर करत ती माझ्या शेजारी आडवी झाली. दोघींनी मिळून ते आणखी दोनदा पाहिलं.

"म्हणजे हे माझ्या डोक्यात नव्हतं," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, पण तिने माझं मनगट धरलं होतं, आणि ते बराच वेळ सोडलं नाही.

गॅस सोडणाऱ्या झडपेवर तारेच्या गुंडाळ्यांची जोडी बसवलेली असते, तिला कॉइल म्हणतात. वीज आली की कॉइल झडप उचलते. कॉइल जुनी झाली की तापल्यावर आतली तार मध्येच सुटते आणि झडप उचलली जात नाही. गार झाली की पुन्हा जुळते. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात नवी जोडी मिळाली. थंडीत ती तिथे असतेच. मी प्लग काढला, गॅसचा कॉक बंद केला. व्हर्डेलने टॉर्च धरला आणि मी कुठला स्क्रू कुठे ठेवते आहे ते मला दोनदा सांगितलं. जुन्या कॉइली बाहेर आल्यावर मी तार सलग आहे का ते दाखवणारा मीटर लावला. आकडा अगदी योग्य आला. मग तिच्या केसांच्या ड्रायरने त्या चांगल्या तापवल्या आणि पुन्हा मीटर लावला. एकीवर काटा जागचा हलेना.

"म्हणजे थंड असताना शहाणी आणि तापली की कामातून गेली," व्हर्डेल म्हणाली. "मारिटच्या बापासारखी."

नव्या कॉइली बसवल्या, कॉक उघडला, जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येत नाहीत ना ते पाहिलं. मग शर्ट पुन्हा भिजवून पहिला घाणा लावला आणि लगेच टॉवेलांचा दुसरा. मध्ये मी यंत्राला गार होऊ दिलं नाही. दुसऱ्या घाण्यात ज्योत विझली, पेटली, विझली, पुन्हा पेटली.

टॉवेल इतके गरम निघाले की व्हर्डेलने घडी घालण्याआधी एक नुसताच छातीशी धरला. मी फोन उचलला तेव्हा ती म्हणाली, "अंड्यांचं मात्र मी खरंच विसरले होते. तेही सांग."

मी मारिटला दोन्ही सांगितलं. ड्रायर बिघडलेला होता, आईचं पहिल्यापासून बरोबर होतं, आणि कोणता घाणा बिघडतो हे तिनेच मला दाखवलं. अंडी ती विसरली. एका मोजमापावरून मी काही ठरवणार नाही, पण दर शनिवारी येऊन बघत जाईन.

मारिट म्हणाली, मी दोनदा वाळवून पाहिलं आणि दोन्ही वेळा पहिल्याच घाण्यानंतर निघाले, मला अंधाराआधी घरी पोचायचं होतं. मी म्हटलं, मीही निघालेच होते.

सोमवारी ती वृद्धाश्रमाला नको म्हणून कळवणार होती. पण आधी तिला आईशी बोलायचं होतं. मी फोन पुढे केला. व्हर्डेलने हातातल्या टॉवेलाची घडी पूर्ण केली, ती बाकीच्या ढिगावर ठेवली आणि मग फोन घेतला.

"बोल," ती म्हणाली. "कोरडे झालेत."