दारामागची कुबडी

मी कुबडी बोलतेय. दुकानात मिळते तसली, बटण दाबून लांब-आखूड होणारी नव्हे. मी लाकडाची आहे, आणि ज्याने मला घडवलं त्यानेच मला काखेत घेतलं.

तो सुतार होता. सगळे त्याला मिस्त्री म्हणत, बायकोसुद्धा. तीस वर्षं त्याने लोकांच्या घरांना दारं बसवली. मग एका इमारतीवर पायाखालची फळी निसटली आणि मिस्त्री दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. डावा खुबा मोडला तो कायमचाच. घरी आल्यावर चार दिवसांत त्याने कुठल्याशा चौकटीतून उरलेली पट्टी मागवली आणि खाटेवर बसूनच रंधा हातात घेतला.

तो ताज्या भुशाचा वास मला अजून येतो. अंगठ्याने माझ्या कडा चाचपत तो पुटपुटायचा, "जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलीस, आता स्वतःचं घे." काखेखालच्या पट्टीवर त्याच्या बायकोने जुन्या कोटाचं अस्तर शिवलं. इतक्या प्रेमाने तर लोक खुर्चीलाही गादी शिवत नाहीत.

पुढे दर तीन-चार वर्षांनी मिस्त्रीची कंबर थोडी वाकायची आणि मी त्याला उंच पडायचे. मग तो माझं रबरी टोपण काढायचा, खालून बोटभर चकती कापायचा, कानावरच्या पेन्सिलीने तिच्यावर तारीख घालायचा आणि खिळ्यांच्या डब्यात टाकायचा.

"मिस्त्री, त्या तुकड्यांचं काय लोणचं घालणार आहात?" बायको विचारायची.

"सुतार लाकूड टाकत नाही."

अशा तीन चकत्या झाल्या.

आमची खोली तळमजल्यावर, दार थेट रस्त्यावर. मिस्त्री दिवसभर उंबऱ्याशी बसायचा. कोणी मोडकी खुर्ची आणायचं, कोणी नुसत्याच गप्पा. अपंग भत्त्यावर ही भाड्याची खोली टिकली होती. किती सुखाचे दिवस होते ते, हे तेव्हा आम्हाला कळलं नाही. सुखाचं तसंच असतं.

मग पत्र आलं. भत्त्याची फेरतपासणी होणार, तपासनीस घरी येणार.

आता माणसांची रीत बघा. ज्याला आपली अडचण दाखवायची, त्याच्यासाठीच घर आवरायचं. मिस्त्रीने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. आणि मला उचलून दारामागे उभं केलं. "पाहुण्यासमोर हे कशाला?" म्हणाला. पाहुणा!

दार उघडलं आणि मी त्याच्या मागे झाकली गेले. त्या फटीतून मी सगळं ऐकलं.

"काय मिस्त्री, कसं काय?"

"चालतंय."

"चहा झकास झालाय. कोणी केला?"

"मीच."

खोटं नव्हतं ते. पण चहा करताना तो पोटाने ओट्याला रेलून उभा होता, आणि चहा थर्मासमध्ये ओतल्यावर अर्धा तास खाटेवर डोळे मिटून पडला होता. ते कोणी विचारलं नाही, यानेही सांगितलं नाही. वीस मिनिटांत पाहुणा गेला.

महिन्याने निकाल आला. लेकीने तो मोठ्याने वाचला. ती शाळेत शिकवते, एकेक ओळ सुटी करून वाचते. "अर्जदाराने चालता येते असे स्वतः सांगितले. अर्जदार उभे राहून स्वयंपाक करतो. चालण्याचे कोणतेही साधन आढळले नाही. भत्ता बंद."

साधन आढळले नाही! मी हातभर अंतरावर होते. दार जरासं ओढलं असतं तर तपासनिसाच्या बुटावर पडले असते. पण शोधायचं नसलं की हत्तीही आढळत नाही.

फेरविचाराचा अर्ज केला, त्याला चार ओळींचं उत्तर आलं: निर्णय योग्य आहे. मेव्हण्याने आपली तिसऱ्या मजल्यावरची खोली देऊ केली. तिथे लिफ्ट नाही.

"तिथून मी खाली एकदाच येईन," मिस्त्री म्हणाला, "चौघांच्या खांद्यावर."

"मग अपील करू," लेक म्हणाली.

"मी तिथं रडगाणं गाणार नाही."

"गाऊ नका, बाबा. माप सांगा. लाकडाचं सांगता तसं."

हे त्याला पटलं. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःला मोजू लागला. खाटेपासून मोरीपर्यंत अकरा पावलं, मध्ये दोनदा थांबायचं. मोजा घालायला बायको लागते. उभं राहणं, एक चहा होईपर्यंत. लेक लिहून घ्यायची. आपली लाज अशी फुटपट्टीने मोजताना माणूस कसा दिसतो, ते मी पाहिलंय. बघवत नाही.

सुनावणीला मिस्त्री मला काखेत घेऊनच गेला. आम्ही दाराशी होतो, तेवढ्यात अपील समितीच्या अध्यक्षबाई आत आल्या आणि खुर्चीत बसलेल्या तपासनिसाला म्हणाल्या, "काय, कसं काय?"

"चालतंय, मॅडम."

लेकीने ते टिपलं. बोलायची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मघाशी हे साहेबही 'चालतंय' म्हणाले. तेव्हा ते बसलेले होते."

कारकून खोकला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. त्यांनी निकालातली ती ओळ पुन्हा वाचली.

मग मिस्त्रीने मापं सांगितली, एकेक, सावकाश. शेवटी खिशातून तीन चकत्या काढून टेबलावर मांडल्या. "ही पहिली, ही दुसरी, ही तिसरी. तारखा घातल्यात. ही कुबडीची कापलेली उंची. माझी कोणी मोजली नाही."

अध्यक्षबाईंनी मला मागितलं, उलटं करून माझं एका बाजूने झिजलेलं टोपण पाहिलं. बारा वर्षांत मला कोणी काही विचारलं ते तेवढंच.

भत्ता पुन्हा सुरू झाला. मिस्त्री आणखी सहा वर्षं त्या उंबऱ्याशी बसला. तपासनिसाला कोणी जाब विचारल्याचं मात्र ऐकलं नाही.

मिस्त्री गेला. आता मी त्याच्या बायकोकडे आहे. तिचे गुडघे गेलेत. ती बुटकी, म्हणून माझी आणखी एक चकती कापून घेतली. तारीख तिनेच घातली, वाकड्या अक्षरात.

तिनेही भत्त्याचा अर्ज केलाय, आणि उद्या तिच्याकडे तपासनीस यायचाय. सकाळपासून ती खोली आवरतेय. कप पुसून झाले, चादर बदलली. आत्ताच मला हातात धरून दारापर्यंत आली आणि मला कुठे ठेवावं म्हणून थांबलीय.

बाई, दारामागे नको. तुझ्या हातातच असू दे. आणि त्याने "कसं काय?" विचारलं, तर माप सांग.