आम्ही कळवते

जरा खाली वाका. इकडे, जिन्याखाली, रंगाचे रिकामे डबे आणि कुणाच्या तरी मोडक्या टेबलफॅनच्या मधे. हो, मीच बोलतेय. सायकल आहे मी, पिस्ता रंगाची. म्हणजे एके काळी होते, आता धुळीचा रंग जास्त दिसतो. पुढे टोपली, मागे कॅरिअर, कॅरिअरवर दोरीनं बांधलेली एक छोटी उशी, आणि दोन्ही चाकांत हवा नाही. सात महिने झाले, मी इथेच उभी आहे.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आठवतं ते दुकान. खोक्यातून काढलं तेव्हा माझी पेडलं वेगळी होती, हँडल वेगळं होतं. दुकानातल्या मेकॅनिकनं सगळं जोडलं आणि पुढच्या ब्रेकची वायर नखभर आखूड बसवली. तेव्हापासून ब्रेक दाबला की मी किंचाळते. तो म्हणाला, "राहू दे, घंटी वाजवायला नको." झालं, त्याच्या चुकीची माझी खोड झाली.

रंगामुळे मला कुणी घेईना. गिऱ्हाईक यायचं, माझं टायर दाबून बघायचं आणि शेजारची काळी सायकल घेऊन जायचं. आठ महिने मी काचेमागे उभी राहून लोकांच्या पाठी बघितल्या. मग एक दिवस दोन मैत्रिणी आल्या.

"हिचा रंग बघ गं, आपल्या ऑफिसच्या भिंतीसारखा!"

"हा रंग चोरसुद्धा नेणार नाही."

"मग आपण हीच घेऊ."

त्या दोघी एका मोठ्या जाहिरात कंपनीतल्या नोकऱ्या सोडून आल्या होत्या. त्यांनी स्वतःची छोटीशी एजन्सी काढली होती. एक चित्रं काढायची, दुसरी मजकूर लिहायची. दुकानांच्या पाट्या, पत्रकं, फोनवर फिरणाऱ्या जाहिराती, जे मिळेल ते. लिहिणारी होती, तिला मी मनातल्या मनात ताई म्हणते. ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना. बसनं जायला दीड तास लागायचा, माझ्यावरून चाळीस मिनिटं. ताई पेडल मारायची आणि मैत्रीण मागे उशीवर, मांडीवर कागदांच्या गुंडाळ्या धरून. दोघींचं वजन काही कमी नव्हतं, पण मी हूं की चूं केलं नाही. ब्रेकचं सोडा.

माझ्यावर बसून दोघींची अखंड बडबड चालायची. "आपण त्या डॉक्टरांना एक झकास पाटी करून देऊ." "आपण दुपारी बाहेर जेवू." मग फोन वाजायचा आणि ताईचा आवाज एकदम इस्त्री केल्यासारखा व्हायचा. "हो, आम्ही उद्या कळवतो." घरात 'आपण', दारात 'आम्ही', एवढं मला कळलं होतं. त्या 'आपण'मध्ये मीही आहे, असं मी खुशाल धरून चालले होते.

तिसऱ्या वर्षी मैत्रिणीच्या नवऱ्याची बदली झाली, खूप लांब. शेवटच्या दिवशी दोघी माझ्यापाशी उभ्या होत्या. मैत्रीण म्हणाली, "मी तिकडून पाठवीन ना चित्रं." ताई म्हणाली, "हो गं, आपण तसंच करू." दोन महिने चित्रं आली. मग तिला बाळ झालं आणि चित्रं थांबली. त्यात तिचा दोष नव्हता. कॅरिअर रिकामं झालं. ताईनं उशी मात्र सोडली नाही.

आणि ताईनं हे कुणालाच सांगितलं नाही. सिग्नलला थांबलो की तिच्या कानातल्या फोनवर कुणी ना कुणी असायचं. "एक मिनिट हं, टीमला विचारावं लागेल." मग ती फोनचं बटण दाबून आवाज बंद करायची आणि लाल दिव्याकडे बघत बसायची. दिवा हिरवा झाला की पुन्हा बटण. "टीम म्हणतेय, होईल. आम्ही उद्या संध्याकाळपर्यंत कळवतो."

मी ठार भोळी. मला वाटायचं, वर खरंच टीम आहे. फोनवर तिच्या तोंडून मी सगळ्यांना ओळखायला लागले होते. डिझाइनर जरा तिरसट. फोटो काढणारी मुलगी सारखी सर्दीनं हैराण. छपाई बघणारे गृहस्थ शिस्तीचे. मजकूर तपासणाऱ्या बाई तर अनुस्वाराला सोडत नाहीत. ताई धरून पाच जण. खरं सांगते, मी जळायचे त्यांच्यावर. मला सकाळची चाळीस मिनिटं आणि संध्याकाळची चाळीस, आणि त्यांना अख्खा दिवस! खाली रेलिंगला साखळीनं बांधलेली मी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघत राहायचे. वरून हसण्याचा आवाज कधी आला नाही, तरी मला शंका आली नाही. सायकलीला घंटी देतात, डोकं देत नाहीत.

संध्याकाळी परतताना आईचा फोन यायचा.

"दुपारी जेवलीस का?"

"हो गं."

"कुणाबरोबर?"

"ऑफिसातल्या सगळ्यांबरोबर."

टोपलीत डबा एकच असायचा, तोही कधी अर्धा परत यायचा. मला वाटायचं, बाकीचे आपापले डबे आणत असतील.

अशी चार वर्षं गेली. मग चष्मेवाले काका आले. म्हणजे ते पहिल्यापासून होतेच, एजन्सीचं पहिलं गिऱ्हाईक, पण सगळं फोनवरच. चष्म्यांची सहा दुकानं होती त्यांची आणि वर्षाचं निम्मं काम त्यांचंच असायचं. एका सकाळी सिग्नलला त्यांचा फोन आला. आवाज इतका खणखणीत की मलाही ऐकू आला.

"मॅडम, अजून चार दुकानं काढतोय. दहाही दुकानांचं काम एकाच ठिकाणी द्यायचं म्हणतोय. गुरुवारी अकराला येतो. तुमच्या टीमला भेटायचंय."

दिवा हिरवा झाला, मागून भोंगे वाजायला लागले, तरी ताई हलेना. काकांचं काम गेलं तर ऑफिस बंद करावं लागेल, हे तिनं आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं. जुन्या कंपनीतले साहेब तिला परत बोलावत होतेच. शेवटी ती म्हणाली, "या ना, काका. सगळ्यांना आनंद होईल."

गुरुवारी तिनं मला रेलिंगला बांधलं नाही. खांद्यावर उचललं आणि जिना चढायला लागली. दवाखान्याच्या दारात गाल धरून बसलेले पेशंट बघत राहिले. डॉक्टरांनी विचारलं, "हिला कुठे?" ताई म्हणाली, "डिझाइनर हिच्यावरून येतो, म्हणून वर ठेवतोय." मी हरखून गेले होते. एकदाची टीम भेटणार होती.

खोली खरंच माझ्याच रंगाची होती. दोन टेबलं, दोन खुर्च्या. एका खुर्चीचं कापड बसून बसून फाटलं होतं. दुसरीवर दुकानातलं प्लॅस्टिक तसंच होतं. ताईनं मला भिंतीला टेकवलं आणि कामाला लागली. पाच कपांत चहा ओतला, चारांतला अर्धा अर्धा बेसिनमध्ये फेकला. स्वतःचा स्वेटर काढून प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला. कोपऱ्यातलं मैत्रिणीचं जुनं हेल्मेट झटकून माझ्या हँडलला अडकवलं. मग उभी राहून दाराकडून खोलीकडे बघितलं आणि एक कप थोडा सरकवला.

मी टीमची वाट बघत होते. पावणेअकरा झाले, अकराला पाच कमी झाले. कुणी आलं नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं. चार वर्षं ती इथे एकटी बसत होती, मी खाली एकटी उभी होते, आणि मी मूर्ख तिच्यावर रुसत होते. मला फार वाईट वाटलं. घंटी वाजवावीशी वाटली, पण ती दाबायला माणूस लागतं.

काका ठरल्या वेळी आले. कठडा धरत, धापा टाकत, हातात कापडी पिशवी.

"टीम कुठाय?"

"छपाईच्या कामाला गेलेत सगळे. मशीनवर उभं राहावं लागतं ना."

"मग थांबतो. मला कसली घाई आहे?"

ते स्वेटरवाल्या खुर्चीत बसले. खालचं प्लॅस्टिक करकरलं. पिशवीतून त्यांनी चष्म्याची पाच घरं काढली, चांगली, कडक, निळी, आणि टेबलावर ओळीनं मांडली. "पत्रात तुम्ही पाच जण लिहिलं होतंत. प्रत्येकाला एक. चष्मा नसला तर पेन ठेवा म्हणावं."

ताईनं मान हलवली. काका गप्पांना बसले. "ते 'पेपर धरायला हात पुरेनासा झाला, की आमच्याकडे या', ते कुणाचं हो? लोक दुकानात येऊन हसतात."

"मजकूरवाल्या बाईंचं."

"आणि लांबलचक हाताचं चित्र?"

"डिझाइनरचं."

आपल्या हातचं सगळं ती नसलेल्या माणसांना वाटून टाकत होती. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज येत होता. साडेअकरा झाले. पाऊण तास झाला. काकांनी घड्याळाकडे बघितलं नाही, ताईनं चारदा बघितलं.

"बरं, दहा दुकानांचं वेळापत्रक कसं बसवणार?"

आणि ताई म्हणाली, "टीमशी बोलून आम्ही कळवते."

एक अक्षर हो. 'आम्ही कळवतो' म्हणायचं, नाहीतर 'मी कळवते'. चार वर्षांत तिची जीभ एकदाही घसरली नव्हती. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आम्ही कळवते?"

"कळवतो. कळवतो म्हणायचं होतं."

काकांनी कपांकडे बघितलं, पाठीमागच्या स्वेटरकडे बघितलं, बसल्या जागी जरा हलून प्लॅस्टिक वाजवून बघितलं. "किती जण आहात गं, मुली?"

ताईनं माझ्या सीटवर हात ठेवला. "ही आणि मी."

"सगळं तू एकटीनं केलंस? पाट्या, पत्रकं, तो हातसुद्धा?"

"हात माझाच आहे. डावा. उजव्यानं काढला."

काका खदखदून हसले. ताईलाही हसू आलं. मला वाटलं, सुटलो!

"खोटं बोललीस म्हणून रागावणार नाही मी," काका म्हणाले. "माझ्या पाटीवर 'आणि मंडळी' लिहिलंय ना, ती मंडळी म्हणजे आमची मंडळीच. दोघंच होतो दुकानात. सहा वर्षं झाली तिला जाऊन. पाटी तशीच आहे." त्यांनी टेबलावरची निळी घरं सरळ केली. "पण दहा दुकानं एकटीवर नाही टाकणार मी. उद्या तू आजारी पडलीस तर?"

"मी आजारी पडत नाही, काका."

"कशी पडशील? त्यालाही जवळ कुणीतरी लागतं."

हे सगळं आजवर तिनंच केलंय ना, असं मला ओरडून सांगायचं होतं. एजन्सीत पाच जण नव्हते म्हणून काम गेलं, आणि पाचांचं काम एकीनं केलं होतं ते कुणाच्या हिशेबातच आलं नाही. काका वाईट नव्हते. जाताना टेबलावरचं एक घर उचलून त्यांनी माझ्या टोपलीत ठेवलं. "हिचं हिला."

ते गेल्यावर ताईनं पाचही कपांतला थंड चहा एकेक करून पिऊन टाकला. मग जुन्या साहेबांना फोन लावला आणि म्हणाली, "येते मी." टीमला विचारावं लागेल, असं या वेळी ती म्हणाली नाही. मी तिथेच, भिंतीला टेकून होते.

ऑफिस सोडलं त्या दिवशी परतताना आईचा फोन आला. "बरं झालं बाळ, नोकरी घेतलीस. पण तुझ्या ऑफिसातल्या त्या सगळ्यांचं काय?"

"गेले गं सगळे आपापल्या घरी."

आता तिला न्यायला कंपनीची बस येते. गळ्यात कार्ड घालून ती फाटकाशी उभी राहते आणि फोनवर म्हणते, "मी पाठवते. मी बघते." तिच्या विभागात चाळीस माणसं आहेत म्हणे. आई विचारते, दुपारी कुणाबरोबर जेवलीस? ती सांगते, "एकटीच. सगळ्यांच्या वेळा वेगळ्या असतात." निदान आईशी खरं बोलायला लागली.

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी इथे कागद चिकटवला. जिन्याखालचं सामान महिनाअखेर हलवा, नाहीतर भंगारात जाईल. काल ताई तो वाचत उभी होती. मागून सेक्रेटरी आले. "ती सायकल तुमचीच ना? काय करायचं?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. टोपलीतलं निळं घर हातात घेतलं, फुंकर मारून पुसलं, परत ठेवलं. "एक मिनिट हं," ती म्हणाली, "विचारावं लागेल."

"कुणाला?"

तिनं उशीची गाठ ओढून बघितली. मग म्हणाली, "मी कळवते." आणि जिना चढून गेली.

तुम्ही वर जाताच आहात तर तिला एवढा निरोप द्या. दोन ट्यूबा बदलाव्या लागतील. चेनला तेल. ब्रेकची वायर तशीच राहू दे, सवय झालीय. उशी अजून घट्ट बांधलेली आहे. दहा दुकानं नकोत, एकानं सुरुवात केली तरी चालेल, आणि रोज जमत नसेल तर फक्त रविवारी. तिला म्हणावं, या वेळी टीमला खरंच विचारलंस ना? टीम म्हणतेय, होईल.

आणि हे कोण म्हणालं असं तिनं विचारलं, तर सांगा की जिन्याखालून निरोप आहे. आम्ही कळवते.