घंटीचा वाटा

"देवाला स्वतःचा मुलगा होता ना? एकुलता एक, लाडका, शब्दाबाहेर न जाणारा. मग त्याला आणखी पोरं दत्तक घ्यायची काय गरज पडली?"

घंटीने हे एका दमात विचारलं आणि ती धपकन खाली बसली. मागच्या बाकावर लंबू आणि चष्मिस या तिच्या दोन जिवलग मैत्रिणी तोंडावर हात दाबून खुदखुदत होत्या. प्रश्न मुळात लंबूच्या डोक्यातला, आणि पैज चष्मिसची: पाळकांना हे तोंडावर विचारून दाखव, आठवडाभर तुझं दप्तर मी वाहते. घंटीशी पैज लावायची म्हणजे माकडाच्या हाती कोलीत द्यायचं. तिने उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

पण खुदखुद फार टिकली नाही. चर्चच्या मागच्या त्या लांबट खोलीत अकरा मुलंमुली बसली होती. दर शनिवारी सकाळी त्यांचा दृढीकरणाचा वर्ग असायचा, आणि आजचा वर्ग शेवटचा होता. लहानपणी कडेवर असताना बाप्तिस्मा झाला, तेव्हा आपल्या वतीने दुसरेच बोलले. आता उद्या, रविवारी, सगळ्या मंडळीसमोर उभं राहून 'माझा विश्वास आहे' हे आपल्या तोंडाने सांगायचं होतं. त्या अकराही जणांना एक गोष्ट ठाऊक होती. घंटी स्वतः दत्तक होती. पैजेच्या नादात लंबू आणि चष्मिस नेमकं तेच विसरल्या होत्या, आणि आता दोघींचे चेहरे शिळ्या पावासारखे झाले होते.

पाळक मात्र रागावले नाहीत. त्यांना उलट बरंच वाटलं असावं, कारण गेली वीस वर्षं या वर्गात त्यांना दरसाल एकच प्रश्न यायचा, आदामाच्या मुलाला, काइनाला, बायको कुठून मिळाली. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला आणि सावकाश सांगायला सुरुवात केली. ज्यांचं घर रिकामं असतं ते घर भरावं म्हणून मूल आणतात, त्यात काही वावगं नाही. पण देवाचं घर रिकामं कधीच नव्हतं. बाप होता, पुत्र होता, दोघांचा एकमेकांवर जीव होता. कमी म्हणाल तर कसलीच नव्हती. तेव्हा त्याने आपल्याला घरात घेतलं ते काही अडलं होतं म्हणून नाही, आपण हवेसे वाटलो म्हणून. आणि थोरल्याने नाक मुरडलं नाही; आपल्याला आणायला तर तोच घराबाहेर पडला, आणि त्यापायी त्याने काय सोसलं ते समोरच्या क्रुसाकडे बघितलं तरी कळतं.

"एकदा नाव लागलं की लेकरू ते लेकरू," पाळक म्हणाले. "थोरल्याचा जो वाटा, तोच धाकट्याचा. मला हे वाचून कळलंय, घंटी. तुला घरात राहून कळलं असेल."

घंटीने मान डोलावली. पण खरं सांगायचं तर तिला ते कळलं नव्हतं.

वर्ग सुटला. प्रत्येकाने उद्यासाठी आपापली प्रार्थना लिहून आणली होती, ती तपासून पाळक दारात उभे राहून परत देत होते. घंटीचं अक्षर मोत्यासारखं. आठ ओळी होत्या आणि त्यांत सात वेळा 'मी आभारी आहे' असं होतं. पाळकांनी कागद तिच्या हातात ठेवला आणि इतरांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "सुरेख आहे. पण ही पाहुणीची प्रार्थना आहे, मुलीची नाही. मुली काहीतरी मागतात."

पैज जिंकून आणि दप्तर चष्मिसच्या खांद्यावर देऊनसुद्धा घंटीची कळी काही खुलली नाही. लंबूने दोनदा माफी मागितली. घंटी म्हणाली, अगं त्याचं काही नाही, आणि ते खरंही होतं. तिला बोचत होतं ते दुसरंच.

घंटीच्या घराचं असं होतं. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर तीन खोल्या. ती या घरात आली तेव्हा पाच वर्षांची होती, आणि पहिले पंधरा दिवस तिच्या तोंडून अवाक्षर निघालं नव्हतं; ती फक्त दुकानातल्या एकेका सायकलपाशी जाऊन तिची घंटी वाजवायची. म्हणून दादाने हे नाव ठेवलं. दादा म्हणजे आईबाबांचा पोटचा मुलगा, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. पुढे घंटीला कंठ फुटला तो असा, की वर्गातल्या वादविवादात तिच्यासमोर उभं राहायला मुलं आजारी पडायची. विशेषतः या वर्षी तर ती अशी काही खुलली होती की मुख्याध्यापिकाही तिला पाहून वाट बदलायच्या.

घरात मात्र ही शाळेतली घंटी उंबऱ्याबाहेर राहायची. आणखी वाढू का विचारलं की "नको, पोट भरलं." बूट घट्ट झाले तरी "चालतील गं." चहा संपायच्या आत कप विसळून जागेवर. आई म्हणायची, किती शहाणी माझी बाय, आणि मग उगाचच बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहायची.

आणि एक गोष्ट घंटी कधीच मागू शकली नव्हती. तिला दुकान हवं होतं.

हवं म्हणजे कसं, तर भूक लागते तसं. सायकलचं चाक लडबडायला लागलं की त्याचा आउट काढावा लागतो. चाक स्टँडवर चढवायचं, हळू फिरवायचं, रिम नेमकी कुठे घासते ते ऐकायचं, मग या बाजूचा स्पोक पाव फेरा आवळायचा आणि त्या बाजूचा तेवढाच सैल सोडायचा. असं करत करत चाक एकदाचं सरळ फिरतं, नुसती वाऱ्याची सळसळ ऐकू येते, आणि त्या आवाजाने घंटीच्या अंगावर रोमांच उभे राहायचे. बाबा चहा प्यायला वर गेले की ती गुपचूप एखादं चाक सरळ करून ठेवायची. बाबा परत यायचे, ते चाक बोटाने फिरवून बघायचे आणि काही न बोलता तयार चाकांच्या खुंटीला अडकवायचे. दहा वर्षांत त्यांनी एकदाही तिला, ये, बस, धर पाना, असं म्हटलं नव्हतं. घंटीने त्याचा अर्थ लावला होता तो सरळ होता: हे दुकान दादाचं आहे, तू हात लावलास तर चालेल, पण तुझं नाही.

आता बाबांचे गुडघे गेले होते. उकिडवं बसलं की उठताना हात द्यावा लागायचा. दादा तर कधीच दवाखान्यात नर्स झाला होता. चेनच्या तेलाने त्याच्या हाताला पुरळ यायचं, आणि तो म्हणायचा, मी माणसांचा आउट काढतो. शेजारच्या टायरवाल्या काकांना मधली भिंत पाडून दुकानाचं गोदाम करायचं होतं. सोमवारी ते शब्द घ्यायला येणार होते. महिनाभर जेवताना त्यावर बोलणं चाललं होतं. घंटी एकदाच बोलली होती, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा," आणि मग जिन्यात जाऊन दहा मिनिटं बुटाची नाडी बांधत बसली होती.

ती घरी पोचली तेव्हा दुकानात दादा होता. सुट्टीचा दिवस, म्हणून स्वतःच्या सायकलच्या ब्रेकशी झटापट करत होता, हातात रबरी मोजे घालून, जणू सायकलचं ऑपरेशनच होतं. घंटी उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली आणि तिने सकाळचा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला. या वेळी पैज नव्हती.

"दादा, खरं सांग. मी यायच्या आधी तुम्ही तिघं मजेत होतात ना? मग मला कशाला आणलंत?"

दादाने पकड खाली ठेवली. सांगतो, पण ऐकून डोक्यावर बसायचं नाही, अशी अट घालून त्याने सांगायला घेतलं. बाबा वर्षातून दोनदा अनाथाश्रमातल्या तीनचाकी सायकली दुरुस्त करायला जायचे, हत्यारं उचलायला दादाला न्यायचे. तिथल्या अंगणात एका पायात मोजा, एक पाय उघडा अशी एक पोरगी सायकल सोडायलाच तयार नव्हती. पुढचं चाक वाकडं होतं आणि ती ते दोन्ही हातांनी दाबून सरळ करू बघत होती, दातओठ खाऊन. बाकीची पोरं खेळायला गेली तरी ही तिथेच. दादा घरी आला आणि त्याने तीन महिने आईबाबांचं डोकं खाल्लं, हिला आपल्याकडे आणू या. शेवटी बाबांनी त्याला समोर बसवलं आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं बजावलं, की बघ, आणलं तर पुरतं आणायचं. खोली अर्धी होईल, आई अर्धी होईल, दुकान अर्धं होईल.

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणालो, दुकान अख्खं तिला द्या, खोलीचं काय ते बोलू."

घंटीला हसू फुटलं. मग बाबा मला कधी दुकानात बस का म्हणाले नाहीत, असं तिने विचारलं, आणि दादाचा चेहरा बदलला. तू आलीस त्याच आठवड्यातली गोष्ट, तो म्हणाला. टायरवाले काका दारात उभे राहून थट्टेने बोलून गेले होते, बरं केलंत, दुकानाला फुकटची कामाची पोर मिळाली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. आईसमोर म्हणाले, या मुलीला 'पाना उचल' हे शब्द माझ्या तोंडून कधी ऐकू येणार नाहीत. आणि त्यांनी ते दहा वर्षं पाळलं. गेल्या महिन्यात दादाच म्हणाला होता, घंटीला विचारा तरी. तर बाबा म्हणाले, मी विचारलं तर ती भिडेने हो म्हणेल, तिला वाटेल उपकार फेडायचेत.

"बाबा विचारत नाहीत, तुला कामाला जुंपल्यासारखं होईल म्हणून," दादा म्हणाला. "तू मागत नाहीस, हावरट दिसशील म्हणून. भीड भिकेची बहीण म्हणतात ती हीच. दोघांच्या सभ्यपणात दुकान चाललंय टायरखाली."

घंटी खोक्यावरून उठली. दहा वर्षं ती बाबांच्या ज्या गप्प बसण्याला कुंपण समजत होती ती माया होती, आणि ती आपली बाहेर उभी राहून आभार मानत होती. तिला स्वतःचा इतका राग आला की तिने शेजारच्या स्टँडवरचं चाक एक टोला देऊन गरागरा फिरवलं.

तेवढ्यात टायरवाले काकाच आले, दोन दिवस आधी, हातात मोजायची टेप. गवंडी आजच मोकळा झालाय, तेव्हा म्हटलं शब्द आजच घेऊन टाकू, असं म्हणत त्यांनी टेपचं टोक दादाच्या हातात दिलं आणि भिंत मोजायला सुरुवातसुद्धा केली. बाबा कुठायत? वर, दादा म्हणाला, आणि त्याने घंटीकडे पाहिलं.

"तुला चालेल?" घंटीने हळूच विचारलं.

"कानामागून आलीस आणि तिखट झालीस, आणि आता मला विचारतेस होय? जा वर. मी हे टोक धरून ठेवतो. जमेल तितकं वाकडं."

जिना सतरा पायऱ्यांचा. घंटीने चढता चढता प्रार्थना केली. खिशातला आठ ओळींचा कागद काही तिने काढला नाही. 'बापा, मला दुकान हवंय,' एवढंच म्हणाली. एरवी ती अर्ज केल्यासारखी प्रार्थना करायची, शक्य असल्यास, कृपया, आपली आज्ञाधारक. आज तसलं काही आठवलंच नाही, आणि तरी छातीत कसं स्वच्छ वाटलं, आपल्याच घराचं दार ढकलून आत गेल्यासारखं.

बाबा टेबलापाशी बसून गुडघ्याला मलम चोळत होते. आईने पाहुण्यासाठी चहाला पाचवा कप काढला होता. टायरवाला खाली आलाय, आवाज ऐकला मी, बाबा आईला सांगत होते. सोमवार काय नि आज काय, जाऊन हो म्हणून टाकतो. बाबा टेबलाला हात टेकून उठायला लागले.

"बाबा, बसा," घंटी दारातून म्हणाली. "हो म्हणू नका."

बाबा अर्धे उठलेले तसेच थांबले. दादाने काही सांगितलं का तुला, त्यांनी विचारलं, आणि लगेच समजावायला लागले, की तू शिक, मोठी हो, तुझ्यावर कसलंही ओझं नाही, आम्ही तुला काही कामासाठी... आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खुर्चीत बसवलं.

"मला माहीत आहे तुम्ही मला कामासाठी आणलं नाहीत," घंटी म्हणाली. शाळेत भाषणाला उभी राहते तशी ती ताठ उभी होती, पण आवाज भाषणाचा नव्हता. "मी उपकार फेडत नाहीये. मी मागतेय. दादाने नको म्हटलेलं उरलंसुरलं म्हणून नको, माझा वाटा म्हणून हवंय. शाळा मी पुरी करणार, त्यानंतर मशीनचं शिक्षणही घेणार, तोवर तुम्ही स्टुलावर बसून शिकवायचं आणि वाकायचं मी. टायरवाल्या काकांना मी स्वतः जाऊन सांगते, भिंत आहे तिथेच राहील. आई, बाबा, दुकान मी चालवणार आहे. मी ठरवलंय."